कॉमिक्सने मुलं बिघडतात म्हणे!

परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: कॉमिक्स हे वाचन नव्हे. त्यातून शब्द कळत नाहीत, आयत्या चित्रांमुळे कल्पनाशक्ती मरते आणि हे परदेशी संशोधनाने सिद्ध झालंय. शिवाय असली चित्रं अर्ध्या तासात होतात, तेव्हा शाळांनी त्यावर पैसे घालवू नयेत. शाळेसाठी चित्रकथा काढून पोट भरणाऱ्या मला शेवटचं वाक्य सगळ्यात झोंबलं. पण क्रमानेच घेऊ.

शब्दांचं आधी. हेस आणि अ‍ॅरेन्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1988 साली वेगवेगळ्या मजकुरांत कमी वापरातले शब्द किती येतात ते मोजलं. मुलांच्या पुस्तकांत हजारामागे 31च्या आसपास निघाले, कॉमिक्समध्ये 53हून थोडे जास्त. मोठ्यांच्या पुस्तकांतही जवळपास तितकेच. आणि पदवीधरांच्या आपसातल्या गप्पांत? जेमतेम 17. मोजणी इंग्रजीची आहे, मराठीला जशीच्या तशी लागू होणार नाही. पण अवघड शब्दाशेजारी चित्र असलं की मूल अडत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला तो शब्द गाळावा लागत नाही, हा अनुभव मराठीतही येतो.

आता ते ‘परदेशी संशोधन’. मजकुरात नाव नाही, पण या भीतीला शास्त्राचा मुलामा चढवला तो फ्रेडरिक वर्थम या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगारीकडे वळतात असं सांगणारं त्याचं पुस्तक 1954 साली आलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची साक्ष झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. माणूस खलनायक नव्हता, हार्लेममध्ये गरिबांसाठी त्याने मानसोपचाराचा दवाखाना चालवला होता. पण त्याची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी ती त्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिली. त्यांनी 2012 साली दाखवून दिलं, की दवाखान्यात आलेल्या मुलांचं बोलणं त्याने बदललं होतं, सोयीने गाळलं होतं, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घातलं होतं. भारतात हा खुलासा कुणी फॉरवर्ड केलेला मी तरी पाहिला नाही.

कल्पनाशक्तीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. शि. द. फडणीसांच्या हास्यचित्रांत तर शब्दच नसतात, सगळी जुळणी बघणाऱ्याने करायची. याच फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली, म्हणजे आपल्या शाळांना चित्राची ताकद नवी नाही. आणि चित्र इतकं आयतं, बिनडोक असतं तर शंकर यांच्या 1949च्या एका व्यंगचित्रावरून 2012 साली संसदेत गदारोळ कशाला झाला असता? तेही चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातच होतं.

राहिला तो अर्धा तास. समजा, रक्ताभिसरणाचं एक पान आहे. आधी धडा मोडून संवाद करायचे, मग चौकटी पाडायच्या. हृदयाची डावी बाजू चित्रात उजवीकडे येते आणि मूल तिथेच गोंधळतं, म्हणून पात्राला वाचकाकडे पाठ करून उभं करायचं की बाणावर भागवायचं, यावर विषयतज्ज्ञाशी वाद. प्रश्न विचारणारं पात्र डावीकडेच हवं, नाहीतर मूल उत्तर आधी वाचतं. संवादांचे फुगे चित्रानंतर काढायचे नसतात, त्यांची जागा आधी राखायची असते. कारण आपल्या लिपीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं आणि इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यातून मराठी वाक्य बाहेर सांडतं. कच्चं रेखाटन, दुरुस्त्या, पक्की रेघ, रंग, आणि फाइल छपाईला गेल्यावर फॉन्टने तोडलेली जोडाक्षरं पुन्हा तपासणं. मानधन मात्र पानावर. दुरुस्त्यांचे वेगळे पैसे मागितले तर समोरचा हसतो. वसंत सरवट्यांसारख्या चित्रकारानेही एका सिमेंट कंपनीत इंजिनियरची नोकरी सांभाळून चित्रं काढली, यावरून काय ते समजावं.

पैसे वाया जातात म्हणणाऱ्यांनी अमेरिकी लष्कराकडे बघावं. जवानांना गाड्या आणि शस्त्रांची देखभाल शिकवण्यासाठी 1951 साली त्यांनी एक मासिक सुरू केलं आणि त्याची चित्रं विल आइस्नर या कॉमिक्सवाल्याकडे सोपवली. त्याने ते काम वीसेक वर्षं केलं. लष्कर काही मुलांना रमवायला पैसे खर्च करत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मजकूरवाल्याची खरी आहे, ती त्याने लिहिलेली नसली तरी. ‘शैक्षणिक कॉमिक’ म्हणून बाजारात येणारी पुष्कळ पुस्तकं टाकाऊ असतात. गुरुजी उभे, समोर दोन मुलं आणि अर्धं पान व्यापणाऱ्या फुग्यात पाठ्यपुस्तकातला उतारा. चित्र काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. अशा पुस्तकांवर शाळेने पैसे घालू नयेत, हे मलाही मान्य. पण ती अशी का होतात ते आम्हाला ठाऊक आहे: चित्रकाराच्या हातात धडा तसाच्या तसा देऊन पंधरा दिवसांत अख्खं पुस्तक मागितलं जातं, कारण मागणाऱ्यानेही अर्ध्या तासाचाच हिशोब धरलेला असतो.