पुण्याहून आलेल्या पोरांपासून जीबीएस पसरत नाही

दारव्हा तालुक्यातल्या ग्रुपवर मेसेज फिरतो आहे: ‘पुण्याच्या होस्टेलमधून आलेल्या मुलांना 14 दिवस घरात घेऊ नका, विद्यापीठाचा आदेश आहे.’ त्यावर ना जावक क्रमांक, ना तारीख, ना कुलसचिवांची सही. आणि सल्लाच मुळात चुकीचा आहे.

जीबीएस म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार. तो माणसापासून माणसाला होत नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, तेव्हा तो होतो. जानेवारी 2025 पासून पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या तपासणीत हगवण लावणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूही सापडला; तो दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. म्हणून पोराची खाट ढोरांच्या कोठ्यात टाकणं, ताटवाटी वेगळी ठेवणं कृपा करून थांबवा. घरी आलेलं लेकरू आहे ते.

पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा, हे सगळ्यांनीच.

लक्ष ठेवायचं ते पायांवर. हगवण होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या आल्या, उठताना पाय लटपटले, गिळणं जड झालं, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर लगेच 108 ला फोन लावा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.