मामांचे चार टक्के

काल रात्री फॅमिली ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला. 'दरवर्षी हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये माणसाचा वाटा फक्त चार टक्के, बाकी निसर्गाचा. सूर्य तापतोय, ज्वालामुखी ओकताहेत. पृथ्वी कशामुळे तापतेय, हे शास्त्रज्ञांचंच नक्की नाही.' खाली मामांची स्वतःची भर: 'उगाच कोराडीच्या नावानं खडे फोडता.' कोराडी म्हणजे आमच्या नागपूरजवळचं कोळशाचं वीजकेंद्र. त्यावर आईनंही अंगठा दिला, म्हणून हे लिहितोय.

चार टक्के खोटे नाहीत, पण हिशोब अर्धा आहे. जमा दाखवली, खर्च गाळला. मामा, तुमच्या गॅलरीतला कूलर बघा. मे महिन्यात नळाची बारीक धार सोडून ठेवता, तेवढंच पाणी ताट्यांतून उडून जातं, टाकीची पातळी हलत नाही. आता कोणी दर तासाला मगभर पाणी वरून ओतू लागलं तर? धारेपुढे ते मगभर पाणी किरकोळच. पण संध्याकाळपर्यंत खालचे शेजारी भांडायला वर येतात की नाही? निसर्ग जेवढा वायू सोडतो त्याहून जास्त शोषतो, आपण सोडलेल्यातलाही जवळपास निम्मा गिळतो. उरलेला साचतो. कारखान्यांच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो 280 भाग होता, आता 420च्या वर गेलाय.

सूर्य तापत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. ज्वालामुखींचा वायू आपण सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. झालं.

आता 'नक्की नाही'चं. आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, 2021चा अहवाल सांगतो: 1850–1900च्या तुलनेत 2010–2019पर्यंत माणसामुळे झालेली तापमानवाढ 0.8 ते 1.3 अंश, सर्वांत जवळचा अंदाज 1.07. प्रत्यक्ष मोजलेली वाढ 1.06. या 0.8 ते 1.3लाच फॉरवर्डवाले अनिश्चितता म्हणतात. त्यात शून्य कुठे दिसतं? बर्डीहून कोराडीला अर्धा तास लागतो की पाऊण, यावर आपण वाद घालू. म्हणून कोराडी नाहीच, असं कोणी म्हणत नाही.

एक कबूल करतो. मे 2024मध्ये 'नागपूर 56 अंश' हे मीच ग्रुपवर टाकलं होतं. तो सेन्सरचा बिघाड निघाला, हवामान खात्यानंच सांगितलं. आणि शहर तापण्यात सिमेंट रस्त्यांचाही हात आहे, हे तुमचं म्हणणंही मान्य. पण ते रस्ते काय ज्वालामुखीनं ओतले, मामा?