शूद्रकानेही भासाच्या नाटकाला हात लावला होता

इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. अभिजात नाटकांवर सिनेमे काढणाऱ्यांनी आपली रंगभूमी नासवली, असा त्याचा सूर. म्हणणं थोडक्यात असं: नाटककाराचा एक शब्द बदलणं हाही त्याचा अपमान आहे. सिनेमा करायचाच असेल तर प्रयोग जसाच्या तसा चित्रित करावा. तरुणांना ओढायला नवी गाणी, नवी पात्रं घुसडली जातात. सिनेमा आला की मूळ नाटक पुसलं जातं. आणि म्हणून मुलांना हे सिनेमे दाखवूच नयेत.

एरवी मी असलं काही न वाचता पुढे जाते. पण हा मजकूर माझ्या मामांनी त्यांच्या नातीला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे वाच आणि तो नाद सोड.’ नाद म्हणजे काय, तर ती शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकावरून एक छोटी फिल्म लिहितेय, आजच्या उज्जैनमध्ये घडणारी. मजकूर वाचल्यापासून तिने वही मिटून ठेवली आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते. मामा, तुम्हीही वाचा.

शब्द बदलणं म्हणजे अपमान, हा यातला सगळ्यात बिनबुडाचा मुद्दा, आणि तोच सगळ्यांना पटतो. मग ‘मृच्छकटिक’पासूनच सुरुवात करू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. गणपतिशास्त्रींना केरळात भास या जुन्या संस्कृत नाटककाराच्या नावावर असलेल्या नाटकांची हस्तलिखितं सापडली. त्यांत ‘चारुदत्त’ होतं, चार अंकांचं. ते आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक शेजारी ठेवून पाहा. तोच गरीब झालेला चारुदत्त, तीच वसंतसेना, तीच घरफोडी. शूद्रकाने हे जुनं नाटक घेतलं आणि त्याचं दहा अंकी नाटक केलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पालक नावाच्या राजाविरुद्ध आर्यकाचं बंड भासात नाही. ज्या मातीच्या गाडीवरून नाटकाला नाव पडलं, ती सहाव्या अंकातली गाडीही त्या चार अंकांत नाही. मजकूर लिहिणाऱ्याचा नियम शूद्रकाने पाळला असता, तर आज ज्याला आपण अभिजात म्हणून हात जोडतो ते नाटक जन्मालाच आलं नसतं. पुढे गो. ब. देवलांनी ते मराठीत आणलं, तेही पदं घालून, संगीत नाटक म्हणून. 1984 साली गिरीश कार्नाडांनी ‘उत्सव’ केला, भास आणि शूद्रक दोघांचा आधार घेऊन, आणि त्यात चक्क ‘कामसूत्र’ लिहिणाऱ्या वात्स्यायनाला पात्र म्हणून आणलं. आता यातल्या कोणी कोणाचा अपमान केला?

हात लावू नये अशा नाटकांमध्ये त्या मजकुरात ‘नटसम्राट’चं नाव सगळ्यात वर आहे. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 सालचं, आणि त्याच्यामागे शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ उभा आहे. लिअरच्या तीन मुलींच्या जागी इथे एक मुलगा आणि एक मुलगी आहे, राजाच्या जागी निवृत्त नट, बेलवलकर. बेलवलकरांचं सगळ्यांना पाठ असलेलं स्वगत तर ‘हॅम्लेट’मधून आलेलं आहे. मुळात शेक्सपिअरआधीही लिअर राजावर एक नाटक इंग्लंडमध्ये होऊन गेलं होतं. शिरवाडकरांनी बदललं ते चालतं, मग पुढच्या माणसाने बदललं की पाप कसं?

प्रयोग जसाच्या तसा चित्रित करा, हे कॅमेरा काय करतो याचा विचार न करता म्हटलेलं आहे. ‘मृच्छकटिका’च्या पाचव्या अंकात वसंतसेना भर पावसात चारुदत्ताकडे निघते, आणि ढगांचं, विजांचं, अंधाराचं वर्णन श्लोकामागून श्लोक चालतं. रंगमंचावर पाऊस नसतो, तो शब्दांनी पाडावा लागतो. पडद्यावर पाणी कोसळत असताना ते सगळे श्लोक तसेच ठेवले, तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते आणि बाई थांबून व्याख्यान देते आहे असं वाटतं. उलट घरफोडी करणारा शर्विलक भिंत फोडताना माप घ्यायला दोरी विसरतो आणि गळ्यातलं जानवं वापरतो, ते कॅमेऱ्याने जवळून दाखवलं तर एका वाक्याचीही गरज नाही. काय गाळायचं आणि कशाजवळ जायचं, हे ठरवणं म्हणजेच रूपांतर. रवींद्र नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज आणि हातवारे चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये ओरडल्यासारखे वाटतात. नाटककारांना हे कळत होतं. 1976 साली ‘घाशीराम कोतवाल’चा सिनेमा झाला तेव्हा पटकथा खुद्द तेंडुलकरांनी लिहिली. बर्नार्ड शॉने 1938 च्या ‘पिग्मॅलियन’ सिनेमासाठी नाटकात नसलेला मेजवानीचा प्रसंग स्वतः नव्याने लिहिला आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं.

नव्या गाण्यांबद्दल आणि पात्रांबद्दल थोडं मान्य करते, नाइलाजाने. 2015 च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये कारस्थान इतकं पुढे आलं की गायक खाँसाहेबांच्या मनातला मान-अपमानाचा पीळ बराच सैल झाला. दारव्हेकरांच्या नाटकातला माणूस मला जास्त खरा वाटतो. शॉच्या सिनेमाचा शेवटही त्याच्या मनाविरुद्ध गोड केला गेला. असे बदल बाजारासाठी होतात, हे खरं आहे. पण सगळे तसे नसतात. महेश मांजरेकरांच्या ‘नटसम्राट’मधला रामभाऊ नाटकात नाही. रंगमंचावर बेलवलकर प्रेक्षागृहाशी बोलतात. पडद्यावर समोर प्रेक्षक नाहीत, म्हणून त्यांचं ऐकणारा, त्यांना उलट बोलणारा एक म्हातारा नट मित्र आणला. विक्रम गोखल्यांचा तो रुग्णालयातला प्रसंग पाहून कोणी त्याला घुसडलेला म्हणत असेल, तर मी ते ऐकून घेणार नाही.

मुलांना दाखवू नका, याचा मात्र मला राग येतो. आपली इथली मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलतात, पण देवलांची पदं किंवा शिरवाडकरांची लांब वाक्यं छापील पानावरून वाचायला अडखळतात. मुंबई-पुण्याचं नाटक सानंदसारख्या संस्थांमुळे आपल्या गावात येतं, प्रयोग होतात आणि संच परत जातो. मधल्या काळात ‘कट्यार’मधलं ‘घेई छंद मकरंद’ त्यांच्या कानावर पडणार कुठून? सिनेमातून पडलं तर ती ते गुणगुणतात आणि मग वसंतराव कोण, अभिषेकी कोण, हे विचारतात. तो रस्ता बंद करून आपण मराठी वाचवतो आहोत असं कोणी सांगू नये.

राहिला मूळ नाटक पुसलं जाण्याचा मुद्दा. 1681 साली नेहम टेट नावाच्या माणसाने ‘लिअर’ला सुखान्त केलं, विदूषक काढून टाकला, आणि तीच आवृत्ती इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षं चालली. यापेक्षा वाईट रूपांतर शोधून सापडायचं नाही. तरी 1838 साली मॅक्रेडी या नटाने विदूषकासकट मूळ शोकान्त प्रयोग पुन्हा उभा केला, कारण संहिता पुस्तकात शाबूत होती. ‘कट्यार’चंही तेच. सिनेमा येण्याच्या काही वर्षं आधी राहुल देशपांडे आणि सुबोध भावे यांनी ते नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं होतं, आणि पुढे सिनेमा दिग्दर्शित केला तो याच सुबोध भावेंनी.