‘प्लास्टिकच्या तुकड्याला 4,600 रुपये’ या तक्रारीला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी जॉबकार्ड काढायचं होतं, काम चालू असताना घेतलेले फोटो बघायचे होते आणि ज्या पोराने पॅन बसवला त्याच्याशी बोलायचं होतं. ते सगळं करून आता लिहितोय.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरांकडे 2010 ची पल्सर 220 आहे, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिला बेली पॅन, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं कवच, बसवून हवं होतं. सरांचं म्हणणं असं: आठवड्यात देतो म्हणून 19 दिवस लावले, ऑनलाइन 850 ला मिळणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याचे 4,600 घेतले, ताम्हिणी घाटाच्या उतारावर पुढचं चाक पॅनला घासलं, आणि महिन्याभरात पॅन खडखडायला लागला, शिवाय ऑइल बदलल्यावर खालून धूर आला.

चाक घासलं ती चूक आमची आहे, पूर्णपणे. बाकीच्या गोष्टी पैशाच्या आणि मनस्तापाच्या आहेत, ही जिवाची आहे, म्हणून आधी हिच्याबद्दल.

तुम्ही टाकलेल्या फोटोत पॅनच्या पुढच्या कडेवर टायरचा काळा पट्टा दिसतोय, दोन बोटं रुंद. मधोमध रंग जाऊन खालचं फायबर उघडं पडलंय. म्हणजे ते एकदा नाही, बऱ्याच वेळा घासलंय. गाडी स्टँडवर असताना टायर आणि पॅन यांच्यात भरपूर जागा दिसते, पण ती जागा फसवी असते. पुढचे शॉकअप तिरके असतात, त्यामुळे ते दाबले गेले की चाक नुसतं वर जात नाही, मागेही सरकतं, थेट पॅनच्या तोंडाकडे. 220 चे शॉकअप 130 मिलिमीटरपर्यंत दबतात. डबलसीट, वर सामान, उतार आणि पुढचा ब्रेक, एवढं एकत्र आलं की ते जवळजवळ तळाला जातात.

म्हणून आमच्याकडे पद्धत अशी आहे की पॅन कच्चा बसवला की हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे लावून शॉकअप पूर्ण दाबले जाईपर्यंत खाली खेचायचे आणि त्या अवस्थेत टायर आणि पॅनच्या मधे दोन बोटं सरळ जातात का ते बघायचं. तुमच्या जॉबकार्डवर त्या ओळीपुढे टिक नाही. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही गाडी न्यायला आलात, शनिवारी पहाटे कोकणात निघायचं होतं, आधीच उशीर झालेला. पोराने पुढचा ब्रेक धरून हँडल तीन-चार वेळा दाबलं आणि गाडी बाहेर काढली. एका माणसाने उभ्या गाडीवर दिलेला जोर आणि घाटातला जोर यांत फार फरक असतो. पोराला बोल लावत नाही. किल्ली तुमच्या हातात मी दिली, कार्ड मी बघायला हवं होतं. तुम्ही आणि तुमच्या मिसेस त्या उतारावर होतात हे वाचून मला झोप लागली नाही. मनापासून माफी मागतो.

एक विनंती. आमच्याकडे येईपर्यंत पॅन लावून गाडी चालवू नका. चार बोल्ट आहेत, 10 नंबरच्या पान्याने निघतात. पुढचे दोन आधी सैल करा, मागचे काढताना पॅन खालून हाताने धरा.

आता 19 दिवस आणि 4,600 रुपये. इथे मात्र माझी बाजू मांडायची आहे.

तुमच्या वर्षाच्या 220 ला कंपनीचा बेली पॅन नव्हता. कंपनीने तो 220 एफला, म्हणजे याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीला, बऱ्याच वर्षांनी द्यायला सुरुवात केली. मधे 2022 मध्ये गाडी बंद झाली, 2023 मध्ये पुन्हा आली. आम्ही आधी नव्या गाडीचाच पॅन लावून बघितला, तुम्हाला फोनवर सांगितलंही होतं. तो ज्या पट्ट्यांवर बसतो त्या तुमच्या गाडीला मुळात नाहीतच, आणि तुमचा बाहेरून लावलेला जाड लेगगार्ड नेमका त्याच्या वाटेत येत होता. लेगगार्ड काढायला तुम्ही नाही म्हणालात. वडिलांनी लावलेला आहे, ठेवायचा आहे, हे मला पटलं. त्यानंतर नाना पेठेत तीन दुकानं फिरलो, जुन्या बाजारात दोन बुधवार घालवले. जे मिळालं ते एनएस 200 या दुसऱ्या पल्सरचं होतं. त्या गाडीची चासी वेगळी, इंजिन पाण्यावर थंड होणारं, सायलेन्सर पोटाखाली. त्याचा पॅन 220 ला लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालायचा.

तुम्ही दाखवलेला 850 चा ‘युनिव्हर्सल’ पॅन मी हातात घेऊन बघितलेला आहे. तो एबीएस प्लास्टिकचा असतो. एबीएस 100 अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. 220 चा बेंड पाइप, म्हणजे इंजिनातला गरम धूर सायलेन्सरकडे नेणारी नळी, इंजिनाच्या पुढून उतरून उजव्या बाजूने मागे जातो आणि चढावर त्याचं तापमान याच्या कितीतरी पट असतं. असा पॅन आधी उजवीकडे वाकतो, मग पाइपला चिकटतो. त्याच्यासोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या झिप-टाय तर पहिल्या उन्हाळ्यात तुटतात. सुटलेला पॅन चाकाखाली गेला तर काय होतं ते मला लिहायचं नाही.

म्हणून फायबरचा करायचं ठरलं, आणि वेळ गेला तो तिथे. गाडीखाली झोपून आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला. तो चार वेळा बदलला: एकदा साइड स्टँड अडत होतं, एकदा गिअर लिव्हर पूर्ण खाली जात नव्हतं, दोनदा लेगगार्डमुळे. नमुना जमल्यावर भोसरीतल्या आमच्या फायबरवाल्याने साचा केला. त्यावर काचेच्या धाग्यांच्या मॅटचे तीन थर दिले, वाळवून घासला, मग रंग. पावसाळी हवेत रेझिन, म्हणजे मॅट घट्ट करणारा चिकट द्रव, वाळायला वेळ घेतं, घाई केली तर आतून चिकट राहतं. 4,600 मध्ये साचा आणि पॅन 2,100, रंग 850, पट्ट्या आणि क्लॅम्प 700, बेंड पाइपच्या बाजूची ॲल्युमिनियमची हीट शील्ड 450 आणि मजुरी 500. बिलावर हे वेगवेगळं लिहिलेलं आहे. पण आठवड्यात देतो असं पहिल्या दिवशी मी बोललो, ते चुकलंच. पुठ्ठ्याचा नमुना जमेपर्यंत तारीख सांगायचीच नाही, असं आता ठरवलंय.

चासीला सरळ दोन कान, म्हणजे पॅन अडकवायच्या पट्ट्या, वेल्ड करून मोकळे का झालो नाही, असंही तुम्ही विचारलंय. ते काम अर्ध्या तासाचं आहे आणि आम्ही ते कधीच करणार नाही. इंजिनाखालच्या नळ्या पातळ असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची जागा कमजोर होते आणि तडा पुढे वर्षा-दोन वर्षांनी जातो. रंगाखाली तो दिसतही नाही. शिवाय चासीत असा बदल केला की पासिंगच्या वेळी प्रश्न येतो. क्लॅम्प उद्या काढले तर गाडी जशी होती तशीच राहते. पंधरा वर्षं जुनी, वडिलांची गाडी आहे, तिच्या चासीला हात लावायचा नाही हे आम्ही ठरवूनच काम घेतलं.

खडखड आणि धूर. ऑइल दुसरीकडे बदललं असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजव्या बोल्टखाली लोखंडी वॉशर थेट फायबरवर बसलेला दिसतो. आम्ही प्रत्येक भोकात रबराचा बुश घातला होता, दोन्ही बाजूंनी कॉलर असलेला. पॅन उघडताना ते बुश पडले असावेत. रबर नसलं की इंजिनाचा प्रत्येक ठोका पॅनमध्ये उतरतो आणि भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. फोटो मोठा करून बघा, सुरुवात झालेली आहे. खरं तर पॅन उघडायची गरजच नव्हती. ऑइलच्या बोल्टसमोर आम्ही भोक ठेवलंय, रबराचं बूच लावून. चिखलाने ते झाकलं गेलं असेल, आणि आम्ही तुम्हाला ते दाखवून द्यायला हवं होतं.

धुराचं कारण बहुतेक असं: ऑइलचा बोल्ट सुटला की गरम ऑइल सरळ खाली पडत नाही, सुरुवातीला धार बाजूला उडते. पॅन पूर्ण काढला नसेल, तर ती त्यात साठली आणि गाडी तापल्यावर पाइपवर गेली. रेसच्या गाड्यांना खालचं कवच इंजिनातलं निदान निम्मं ऑइल आणि कूलंट धरून ठेवेल असंच करावं लागतं, कारण इंजिन फुटलं तर ते ट्रॅकवर सांडून मागचे घसरू नयेत. रस्त्यावरच्या गाडीला उलट हवं असतं, पाणी आणि चिखल लगेच वाहून गेला पाहिजे. म्हणून तुमच्या पॅनला तळात तीन भोकं आहेत. ती चिखलाने बुजली की तोच पॅन परात होतो. पावसाळ्यात धुताना पाण्याचा पाइप खालून मारा आणि आत ऑइल सांडलंय असं वाटलं तर साबणाने धुतल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

आता आमच्याकडून काय करतो ते. पॅनची पुढची कड कापून नवी करू, शॉकअप पूर्ण दाबून तुमच्या समोर माप घेऊ, रंग पुन्हा मारू, चिरांच्या जागी मागून मॅट लावू, बुश नवे घालू. याचे पैसे नाहीत. पुढच्या टायरची कड घासली असेल तर तोही बघू आणि बदलायचा असेल तर खर्च आमचा. मजुरीचे 500 रुपये परत. हे सगळं करूनही पॅन नको वाटला तर काढून देऊ आणि पूर्ण 4,600 परत करू.

गुरुवारी आमची सुट्टी असते, पण या गुरुवारी सकाळी दहाला मी गॅरेज उघडून थांबतो. दुसरं काम घेणार नाही. जमलं तर वडिलांनाही घेऊन या. लेगगार्डच्या डाव्या क्लॅम्पचा आटा गेलेला आहे. तो बदलायचा तर आधी त्यांना विचारावं असं वाटतं.