‘एका पानात माणूस मावत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्ममधल्या पात्रांवर लिहिताना मी म्हटलं होतं, की दहा मिनिटांच्या फिल्मसाठी मुख्य पात्राचं टिपण एका पानापलीकडे जाऊ नये आणि त्याच्या भूतकाळातली एकच घटना पक्की करावी. त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, एका पानात माणूस मावत नाही. शंभर प्रश्नांची प्रश्नावली भरल्याशिवाय पात्र म्हणजे कथानकाची कळसूत्री बाहुली होते. दोन, ‘काय हवंय, आड काय येतंय, शेवटी काय बदलतंय’ हा साचा सगळ्यांच्या हाती दिला की सगळ्यांच्या फिल्म सारख्याच दिसतात. तीन, विद्यार्थ्यांचे नट म्हणजे त्यांचे मित्रच, तेव्हा कागदावरची आखणी शूटच्या दिवशी पाळतो कोण?

दुसरा आक्षेप मान्य. तिसरा अर्धा मान्य. पहिला नाही, आणि बोलायचं जास्त त्याच्यावरच आहे.

प्रश्नावली भरण्यात वाईट काही नाही. ती भरली की पात्र तयार झालं असं वाटू लागतं, घोळ तिथे होतो. आवडता रंग, शाळेतले मार्क, पहिलं प्रेम, आईशी नातं... या शंभर उत्तरांपैकी कॅमेऱ्यासमोर किती येतात ते एकदा मोजून बघा. ‘तो लहानपणापासून एकटा आहे’ हे वाक्य कथेत चालून जाईल. सेटवर कॅमेरामन विचारणार, मग कॅमेरा कुठे लावू? त्याला उत्तर नसलं की ते वाक्य वहीतच राहतं, आणि लेखकाच्या जिवाला लागतं. मग शूटच्या आदल्या रात्री ते कुणाच्या तरी तोंडी घातलं जातं: ‘तू ना, लहानपणापासून असाच एकलकोंडा!’ विद्यार्थ्यांच्या फिल्ममधले जडशीळ संवाद बहुतेक वेळा असे जन्माला येतात.

मूळ लेखात ‘एक पान’ ही विचार करण्यावरची मर्यादा असल्यासारखं वाचलं जातं. ती माझ्या लिहिण्यातली चूक. विचार चाळीस पानांचा करा, सेटवर मात्र एकच पान न्या. त्या पानावर येणाऱ्या ओळीला अट एवढीच, की तिला पडद्यावर जागा हवी. मग ती कृती असो, वस्तू असो, कपडा असो, बोलण्याची ढब असो किंवा दुसरं पात्र याच्याशी कसं वागतं ते असो.

उदाहरण घेऊ, नाहीतर हे सगळं हवेतच राहील. समजा फिल्म ९ मिनिटांची आहे. जागा एकच वर्गखोली, परीक्षा चालू. पर्यवेक्षक २७ वर्षांचा, कंत्राटावर लागलेला. तिसऱ्या बाकावरचा मुलगा कॉपी करतोय हे त्याला दिसतं. मुलगा त्याच्या घरमालकाचा, आणि भाडं दोन महिन्यांचं थकलेलं. अधूनमधून फेरी मारणारे वरिष्ठ हे तिसरं पात्र. बाकीची मुलं बिनसंवादाची.

प्रश्नावलीत या पर्यवेक्षकाबद्दल येईल: प्रामाणिक, भिडस्त, लहानपणी पैसे हरवले म्हणून मार खाल्ला, तेव्हापासून चुकीची धास्ती. यातला ‘प्रामाणिक’ शूट करता येत नाही. ‘धास्ती’सुद्धा नाही. पण धास्तीतून सवय काढता येते: हा माणूस सगळं दोनदा मोजतो. सुरुवातीला पुरवण्यांचा गठ्ठा मोजतो, आकडा जुळतो, तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतो. सहा-सात सेकंदांचा शॉट, संवाद शून्य. मध्यावर तो मुलगा पुरवणी मागतो, तेव्हा देताना दोन कागद चिकटलेले नाहीत ना हे हा बोटांनी चोळून बघतो, नजर मात्र मुलाच्या बाहीकडे. आणि शेवटी, जे व्हायचं ते होऊन गेल्यावर, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा न मोजताच वरिष्ठांच्या हातात देतो. तो ‘आता मला फरक पडत नाही’ असं म्हणायची गरज उरत नाही. मार खाल्ल्याची घटना फिल्ममध्ये कुठेच नाही. लेखकाला आणि नटाला ती ठाऊक असली की झालं. भूतकाळातली ‘एकच घटना’ म्हणालो ती याच अर्थाने, जिच्यातून आजची एखादी सवय निघते ती.

अशी सवय साधारण तीनदा दिसावी. एकदाच दिसली तर प्रेक्षकाला ती नटाची लकब वाटते, पाचदा दिसली तर थिएटरात खुसखुस सुरू होते. पहिली वेळ श्रेयनामावलीवर टाकू नका. तेव्हा प्रेक्षक अक्षरं वाचत असतो आणि हात त्याला दिसतच नाहीत.

पानावर काय काय लिहायचं तेही सांगून टाकतो. आज, या तीन तासांत त्याला काय हवंय. आयुष्यात काय हवंय ते नको. ‘यशस्वी व्हायचंय’ हे नटाला करून दाखवता येत नाही, ‘संध्याकाळी घरमालकाच्या दारावरून मान खाली न घालता जाता यावं’ हे येतं. ते मिळालं नाही तर उद्या सकाळी नेमकं काय होईल. कोणती गोष्ट तो कुणालाच सांगू शकत नाही. एक सवय, हातातली एक वस्तू, कपड्यातली एक खूण. आणि फिल्ममध्ये तो बोलतो ते एक खोटं. शेवटचं बरेच जण गाळतात, खरं तर पात्र सगळ्यात लवकर उघडं पडतं ते खोटं बोलताना.

आता साचा. ‘मुख्य पात्र शेवटी बदललंच पाहिजे’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. फिल्म ९ मिनिटांची आणि गोष्टीतला काळ तीन तासांचा असेल, तर तेवढ्यात माणूस आमूलाग्र बदलला की ते खोटंच वाटणार. पात्र तसंच राहून त्याच्याबद्दलचा आपला समज बदलू शकतो. किंवा बदलायची संधी समोर येते आणि ते ती सोडून देतं. वरच्याच फिल्मचा शेवट उलटा करून बघा: पर्यवेक्षक मुलाला सोडून देतो आणि नंतर गठ्ठा नेहमीसारखाच शांतपणे दोनदा मोजतो. सवय तीच, शॉट तोच, पण आता अंगावर येतो.

पण फिल्म सारख्या दिसण्याचं खरं कारण साच्याहून वेगळं आहे असं माझं मत आहे. समोरचं पात्र कच्चं असतं. मुख्य पात्राला पानभर टिपण आणि विरोधातल्या पात्राला ‘गर्विष्ठ, श्रीमंत’ असे दोन शब्द. हा मुलगा पर्यवेक्षकाकडे बघून छद्मी हसला की फिल्म तिथेच संपते. त्याला पकडायचं की नाही हा प्रश्नच सोपा होऊन जातो. मुलालाही पूर्ण पान द्या. तो पहिला प्रश्न स्वतः सोडवतो, दुसऱ्यावर अडतो, चिठ्ठी काढून परत ठेवतो, पुन्हा काढतो. तपासायची सोपी युक्ती: अख्खी फिल्म त्या मुलाच्या तोंडून चार वाक्यांत सांगा. स्वतःच्याच सांगण्यात तो दुष्ट ठरत असेल, तर पात्र अजून झालेलं नाही.

पात्रांच्या संख्येबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण प्रश्नावलीवाल्यांकडे पात्रं वाढवत नेण्याचा रोग जास्त दिसतो, म्हणून थोडक्यात. माणसं लिहायला मजा येते, शूट करायला वेळ लागतो. समोरासमोर बोलणारे दोघे असतील तर नजरेची रेष एक. तिघे झाले की जोड्या तीन, चौघे झाले की सहा. प्रत्येक जोडीला १८० अंशांचा नियम सांभाळायचा, म्हणजे कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर एडिटमध्ये कोण कुणाकडे बघतंय तेच कळत नाही. दोघांच्या सीनला एक मास्टर (दोघे एकत्र दिसतात तो शॉट) आणि दोन सिंगल (एकेकट्याचे) एवढ्यावर भागतं. चौथा माणूस आला की नवख्या टीमचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. दहा मिनिटांत दोन मुख्य आणि एक सहायक, याहून जास्त बोलणारी पात्रं घेऊ नयेत. दोन पात्रं एकच काम करत असतील तर त्यांचं एक करा.

मित्रांकडून काम करून घेण्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मित्र आखणी पाळत नाहीत, कारण आखणी विशेषणांत लिहिलेली असते. ‘इथे तू घाबरलेला आहेस’ म्हटलं की नवखा नट डोळे मोठे करतो आणि श्वास जोरात घेतो. ‘त्याने तुझ्याकडे बघू नये असा प्रयत्न कर’ म्हटलं की त्याला करायला काहीतरी मिळतं, भीती आपोआप येते. म्हणून सेटवरच्या पानावर प्रत्येक सीनपुढे क्रियापद लिहा: टाळतो, अजमावतो, विनवतो, अडवतो.

निवड करताना एक पानाचा सीन द्या. पहिल्यांदा काही न सांगता वाचू द्या, दुसऱ्यांदा एकच बदल सांगा: पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं समजून बोल. पहिलं वाचन चांगलं झालं की नाही याला फारसं महत्त्व नाही, दुसऱ्यात फरक पडला का ते बघा. मग समोरच्याचं नुसतं ऐकत असताना त्याचा मिनिटभर फोनवर शॉट घ्या. ऐकताना ज्याचा चेहरा मरतो, त्याला लांबलचक क्लोजअप देऊ नका. नट ठरला की पटकथेचा आणखी एक ड्राफ्ट करा. सगळे मिळून मोठ्याने वाचा आणि रेकॉर्ड करा. ज्या वाक्यावर दोन वेगवेगळी माणसं अडखळतात ते वाक्य चुकलंय, जीभ नव्हे. याच वाचनाला घड्याळ लावा. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा १२ पॉइंट कुरियर या फॉन्टमध्ये, ठरलेल्या मांडणीत टाइप केलेल्या पानाचा आहे. कुरियरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, तेव्हा मराठी पटकथेत पानांवरून वेळ काढायला जाल तर फसाल.

तालमी तीन पुरतात, दोन-दोन तासांच्या. एक वाचनाची. दुसरीत फिल्ममध्ये नसलेला सीन करायला लावा, जसं की पर्यवेक्षक भाड्याला मुदत मागायला गेलाय आणि दार त्या मुलानेच उघडलंय. तुमच्या चाळीस पानांचा खरा उपयोग इथे होतो. तिसरी प्रत्यक्ष जागेवर, हातात खरा गठ्ठा घेऊन. कागद मोजताना संवाद बोलणं वाटतं तेवढं सोपं नसतं. शेवटचा भावनिक सीन मात्र तालमीत पूर्ण ताकदीने करवू नका; नवख्या नटाकडून तो एकदाच नीट येतो आणि तो कॅमेऱ्यासमोर आलेला बरा.

आणि चेहऱ्यावर काहीच न येणारा मित्रच वाट्याला आला तर? सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या आसपास केलेला प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो: एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगवेगळे शॉट जोडले की प्रेक्षक त्याच चेहऱ्यात वेगवेगळ्या भावना वाचतो. तेव्हा त्या मित्राकडून भाव मागत बसू नका. तो काय बघतो ते नीट शूट करा: बाही, चिठ्ठीचा कोपरा, दारातली सावली.

कागदावरची आखणी सगळ्यात जास्त कामी येते ती शूटचा क्रम उलटा-सुलटा झाल्यावर. सातवा सीन सकाळी पहिला लागतो आणि नट तो पहिल्याच सीनसारखा करतो. किंवा दुसऱ्याच सीनला रडून मोकळा होतो आणि पुढे चढायला जागाच राहत नाही. यासाठी एक तक्ता करा. सीन गोष्टीच्या क्रमाने, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: या क्षणी त्याला काय ठाऊक आहे, ताण दहापैकी किती, हातात-अंगावर काय आहे. टेकच्या आधी नटाला फक्त तेवढी ओळ वाचून दाखवायची. ‘त्याने चिठ्ठी बघितली आहे, मुलाने आपल्याला बघितलंय हे अजून माहीत नाही, ताण चार, वरचं बटण लावलेलं.’ हे पंधरा मिनिटांच्या भाषणापेक्षा नटाला जास्त उपयोगी पडतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, की पात्र उभं राहिलंय हे ओळखायचं कसं. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याने पटकथा वाचलेली नाही. मग विचारा: कुणाला काय हवंय, कोण कुणाला बिचकून आहे, यांची आधीची ओळख आहे का. दोन उत्तरं चुकली तर संवाद वाढवायच्या भानगडीत पडू नका, हातांचे आणि वस्तूंचे इन्सर्ट (मध्ये जोडायचे जवळचे शॉट) घ्या. त्यात चेहरा दिसत नाही, त्यामुळे नट नसला तरी चालतं. बाही, घड्याळ आणि उजेड मात्र जुळला पाहिजे. म्हणून पर्यवेक्षकाचा शर्ट आणि तो पुरवण्यांचा गठ्ठा एडिट लॉक होईपर्यंत, म्हणजे जोडणी कायम ठरेपर्यंत, कुणालाही परत देऊ नका.