'वेट-ऑनलाइन' बंद करण्याआधी वाट कोण बघतंय ते शोधा

लिनक्स सुरू व्हायला वेळ लागतो म्हटलं की ठरलेला सल्ला मिळतो: 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम चालवा, नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन सगळ्यात वर दिसेल. डिसेबल करून टाका, ती कुणालाच लागत नाही.' सिस्टमडी म्हणजे बूट होताना सगळ्या सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम) सुरू करणारी यंत्रणा, आणि वेट-ऑनलाइन म्हणजे नेटवर्क उभं राहीपर्यंत थांबून राहणारी सर्व्हिस. या सल्ल्यातलं एकेक विधान तपासून बघू.

'ब्लेममध्ये सगळ्यात वर, म्हणजे तीच दोषी.' ब्लेम फक्त प्रत्येक सर्व्हिसला सुरू व्हायला किती वेळ लागला ते सांगतं, तिच्यासाठी कोण थांबलं ते नाही. सर्व्हिसेस एकाच वेळी समांतर सुरू होत असतात. वेट-ऑनलाइन तीस सेकंद घेत असेल आणि लॉगिन स्क्रीन दहाव्या सेकंदालाच आली असेल, तर ती बंद करून स्क्रीन लवकर येणार नाही. त्याऐवजी 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' (कोण कोणासाठी थांबलं त्याची साखळी) वापरा, आणि तेही लॉगिन स्क्रीनच्या सर्व्हिसचं नाव देऊन. त्या साखळीत वेट-ऑनलाइन नसेल तर आपला वेळ दुसरीकडे जातोय.

'ती कुणालाच लागत नाही.' हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण मी त्याचा फटका खाल्लाय. एका सर्व्हरवर मी हाच सल्ला पाळला. बूट झटकन झालं, मी खूश. पण एनएफएसचा (नेटवर्कवरच्या दुसऱ्या सर्व्हरचा) फोल्डर माउंट होताना, म्हणजे सिस्टमला जोडला जाताना, नेटवर्क उभंच राहिलं नव्हतं, फाइल सर्व्हरचं नाव रिझॉल्व्ह झालं नाही (नावावरून आयपी पत्ता मिळाला नाही) आणि माउंट फेल गेला. रात्रीच्या बॅकअपला ते कुठून कळणार? त्याने त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवर, लिहीत सुटून ती भरून टाकली. एफएसटॅबमधले (काय माउंट करायचं त्या यादीतले) नेटवर्क माउंट, ठरावीक आयपीवरच ऐकणाऱ्या सर्व्हिसेस, अशा अनेकांना ही वाट बघणं खरंच लागतं. कोणाला लागतं ते 'सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज' रिव्हर्स पर्याय लावून नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटवर (नेटवर्क तयार झाल्याची सिस्टमडीतली खूण) चालवलं की समोर येतं. यादीत कामाचं काहीच नसेल, साधा लॅपटॉप असेल, तर खुशाल बंद करा. तिथे माझी हरकत नाही.

'बंद करणं हाच उपाय.' मूळ दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं. सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट आहेत, केबल एकालाच आहे. नेटवर्कमॅनेजरऐवजी सिस्टमडी-नेटवर्कडी नेटवर्क सांभाळत असेल, तर तिची वेट-ऑनलाइन एरवी तिच्या ताब्यातल्या सगळ्या पोर्टसाठी थांबते, आणि तिची डीफॉल्ट मुदत 120 सेकंद आहे. स्क्रीनवर 'स्टार्ट जॉब' मोजत बसलेली ती दोन मिनिटं हीच. रिकाम्या पोर्टच्या नेटवर्क फाइलमध्ये 'लिंक' विभागात 'रिक्वायर्डफॉरऑनलाइन' ला 'नो' द्या, किंवा नेटप्लॅन (उबुंटूमधली नेटवर्क सेटिंगची पद्धत) असेल तर तो पोर्ट 'ऑप्शनल' करा. चालू पोर्टसाठीची वाट तशीच राहते, फुकटची दोन मिनिटं वाचतात.

कधी कधी तर दोष मशीनमध्ये नसतोच. स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर पोर्ट 15 सेकंद लिसनिंग आणि 15 सेकंद लर्निंगमध्ये काढतो. तोवर डीएचसीपीची (आयपी पत्ता मागणारी) विनंती पुढे जातच नाही. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (हे दोन्ही टप्पे वगळणारं स्विचचं सेटिंग) लावायला हवं, लिनक्समध्ये कितीही उलथापालथ केली तरी उपयोग नाही.

ज्यांनी आधीच डिसेबल केली आहे त्यांनी पुढच्या रीबूटनंतर नेटवर्क माउंट खरंच लागलेत का ते 'फाइंडमाउंट' (findmnt) कमांडने बघा. लागले नसतील तर सर्व्हिस परत एनेबल करा, आणि मास्क केली असेल (सुरूच होऊ नये अशी रोखली असेल) तर आधी अनमास्क.