सांगोल्याचा मतदार आंधळा कधी होता?

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मुलाखतीच्या तयारीसाठी केलेले टिपण मला तपासायला पाठवले आणि त्यात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघाविषयी जे लिहिले होते ते वाचून मी हातातला चहा बाजूला ठेवला. 'स्वर्गीय गणपतराव देशमुख सलग 11 वेळा निवडून आले, 55 वर्षे अजिंक्य राहिले, हा जागतिक विक्रम आहे. ते कधीच सत्तेत गेले नाहीत. एकगठ्ठा जातीच्या मतांमुळे सांगोल्याने डोळे झाकून एकाच घराला मत दिले, म्हणून तालुका कोरडा राहिला आणि त्यांच्यामागे शेकाप संपला.' हा मजकूर तिने एका फॉरवर्डवरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. हाच फॉरवर्ड माझ्याकडेही गणपतरावांच्या प्रत्येक पुण्यतिथीला येतो आणि दर वर्षी मी तो न वाचता पुसून टाकतो. या वेळी तो घरातल्या मुलीच्या वहीत शिरला, म्हणून लिहिणे भाग आहे.

'सलग' हा शब्द खोटा आहे, आणि पुढचे सगळे त्याच्यावरच उभे असल्यामुळे सुरुवात तिथूनच केली पाहिजे. निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीनंतर मतदारसंघनिहाय सांख्यिकी अहवाल काढतो, आणि जुने अहवालही कोणालाही पाहता येतात. ते उघडण्याची तसदी घेतली असती तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दिसले असते की गणपतराव 1962 आणि 1967 साली जिंकले, 1972 साली हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले, 1978, 1980, 1985 आणि 1990 साली टिकले, 1995 साली पुन्हा हरले आणि त्यानंतर 1999 ते 2014 या काळातील चारही निवडणुका जिंकले. बेरीज 11 येते, हे खरे. एकच पक्ष (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजेच शेकाप), एकच मतदारसंघ आणि सभागृहात सुमारे 51 वर्षे, हेही खरे, आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. परंतु सलग विजयांची त्यांची सर्वांत लांब मालिका पाचांची आहे. 1995 चा पराभव तर केवळ 192 मतांचा होता आणि तो करणारे होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' या त्यांच्या फोनवरच्या गाजलेल्या वाक्याच्या गदारोळात लोक बापूंची ती पहिली ओळख विसरले असावेत.

जागतिक विक्रमाची बाब दोन वाक्यांत संपते. केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम. मणी 13 वेळा निवडून आले आणि पुथुप्पळ्ळीतून ओमन चंडी 12 वेळा. विक्रम जगाचा सोडा, देशाचाही नाही. सत्तेत कधीच गेले नाहीत, हे विधानही अर्धेच खरे आहे. बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर बसले, पण 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 नंतरच्या आघाडी सरकारात ते मंत्री होते.

मला खरा राग येतो तो जातीच्या मुद्द्याचा. गणपतराव धनगर समाजाचे, तालुक्यात त्या समाजाची संख्या मोठी, आणि निवडणुकीत जात पाहिली जाते. यातले काहीही मी नाकारत नाही, कारण महाराष्ट्रातील एकही मतदारसंघ त्याला अपवाद नाही. परंतु कोणत्या जातीची किती मते कोणाला पडली याची नोंद निवडणूक आयोग ठेवत नाही, त्यामुळे 'एकगठ्ठा' हा शब्द ज्याने लिहिला त्याने तो कोठून मोजून आणला हे त्यानेच सांगावे. शिवाय 1972 साली आणि 1995 साली हा समाज काही तालुका सोडून गेला नव्हता. जे कारण जिंकण्याचे म्हणून सांगितले जाते, ते कायम असताना माणूस दोनदा पडला असेल, तर ते एकटे कारण पुरेसे नव्हते एवढे तरी मान्य करावे लागेल. घराण्याच्या मुद्द्याचेही तेच. 2019 साली वयामुळे गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, आणि ज्या मतदारांवर डोळे झाकल्याचा आरोप आहे त्यांनी अनिकेत यांना 768 मतांनी पाडून शहाजीबापूंना निवडून दिले. आजोबा तेव्हा हयात होते. डोळे झाकलेले लोक इतक्या काठावरचे निकाल देत नाहीत.

तालुका कोरडा राहिला, तो मुळात पर्जन्यछायेत आहे म्हणून. पाणी यायला फार उशीर झाला, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो नोंदवताना नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी 13 तालुक्यांसाठी वर्षानुवर्षे उभा राहिलेला हाच आमदार होता, हे गाळून चालणार नाही. मतदाराने मत बदलले असते तर कृष्णेचे पाणी लवकर चढले असते, असे म्हणणाऱ्यांनी 1995 ते 1999 या काळात काय झाले तेही सांगावे.

राहिला शेकाप संपल्याचा मुद्दा. 2024 साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी त्याच शहाजीबापूंना 25 हजारांहून अधिक मतांनी हरवले. लढत तिरंगी होती, दीपक साळुंखे यांनी 50 हजारांच्या आसपास मते घेतली आणि त्या विभागणीचा देशमुखांना फायदा झाला, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. राज्यात शेकापचा त्या निवडणुकीत निवडून आलेला हा एकमेव आमदार आहे, तेव्हा पक्ष आकसला असे भाचीने खुशाल लिहावे. 'संपला' मात्र खोडावे, आणि त्याच्याआधी 'सलग' खोडावे.